बिन महमूदची चिनी खाणावळ

हॉटेलातल्या जेवणावर लिहावे असे आम्हांला आजवर कधी वाटले नव्हते. आपल्या या पानांवर सणांचे पदार्थ, त्यांच्या कृती, आजीच्या हातची चव यांविषयी पुष्कळ येते, आणि ते यायलाच हवे. परंतु परक्या शहरात, परक्या माणसाच्या हातचे, तिसऱ्याच देशाचे नाव लावलेले जेवण पुढे आले तर त्याची पारख कशी करावी, हे कोणी सांगत नाही. आपल्या घरांतली मुले तर आठवड्यातून एकदा तरी असे जेवतात. कतार देशाच्या दोहा शहरात, बिन महमूद नावाच्या वस्तीत, आम्ही एका चिनी खाणावळीत तीन वेळा जेवलो. त्याची हकीकत आणि आमचे मत येथे देत आहोत.

वाचक प्रथम विचारतील, तुम्ही अश्दोदची माणसे दोह्याला गेलातच कशी? २०२२ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरात तेथे फुटबॉलची जागतिक स्पर्धा झाली. इस्राएली पासपोर्टवाल्यांना येऊ देण्याची सवलत कतारने त्या स्पर्धेपुरती दिली होती, आणि २० नोव्हेंबरला तेल अवीवहून दोह्याला थेट विमानही गेले. आमच्या धाकट्या नातवाने हट्ट धरला. त्याच्या आईबापांना रजा मिळेना, तेव्हा राखण म्हणून आम्ही आणि आमचे यजमान बरोबर निघालो. फुटबॉलमधले आम्हांला काही कळत नाही. नातू सामन्याला जाई, यजमान टीव्हीसमोर बसत, आणि आम्ही वस्ती पाहत हिंडत असू. नऊ दिवसांपुरता भाड्याने घेतलेला फ्लॅट बिन महमूदमध्ये होता, एवढेच या लेखाचे निमित्त.

बिन महमूद ही दोह्याच्या मध्यभागातली वस्ती. स्थानिक लोक तिला फरीज बिन महमूद म्हणतात. फरीज म्हणजे मोहल्ला. मुंबईच्या इस्राएल मोहल्ल्यात जो मोहल्ला आहे तोच. बी रिंग आणि सी रिंग या दोन वळणाऱ्या हमरस्त्यांच्या मधे ती वसली आहे, आणि मेट्रोच्या सोनेरी मार्गावर मुशैरिबच्या पुढचे स्टेशन तिच्याच नावाचे आहे. चित्रांत दिसणाऱ्या काचेच्या उंच इमारती समुद्राकडे राहिल्या. आम्ही राहिलो तिथे चार-पाच मजली साध्या बिल्डिंगी, खाली धोबी, न्हावी, मल्याळी किराणावाला. संध्याकाळी गल्लीत हिंदी, मल्याळम, नेपाळी, अरबी एकदमच कानावर येई. १९६६ सालापर्यंत या देशात आपला रुपया चालत असे, आणि इथले मोती विक्रीला मुंबईलाच येत. तेव्हा मुंबईची चव इथे काल-परवा आलेली नाही. टपरीवरच्या दुधाच्या चहाला इथे ‘करक’ म्हणतात; तो आपला ‘कडक’च आहे.

खाणावळ आमच्या मागच्या गल्लीत होती. तिचे नाव देत नाही, कारण तिला एकटीला शाबासकी किंवा दोष देण्याचा हेतू नाही. अशा खाणावळी मुंबईपासून लंडनपर्यंत सर्वत्र आहेत. नऊ टेबले, दारावर लाल कागदी कंदील, भिंतीवर टीव्ही, आणि आठ पानांचे मेनूकार्ड. त्यात सूप, नूडल्स, फ्राइड राइस, मंचुरियन, शेजवान, अमेरिकन चॉपसुई असे सर्व काही. चिनी माणूस मात्र आत एकही नव्हता. आचारी आणि वाढणारा मुलगा दोघेही नेपाळचे.

छत्तीस वर्षे वॉर्डात काढल्यामुळे आम्ही कुठेही गेलो तरी ताटाच्या आधी हात पाहतो. वाढणाऱ्या मुलाची नखे कापलेली होती. टेबल पुसण्याचे फडके आणि ग्लास पुसण्याचे फडके वेगळे होते. हात धुण्याच्या जागी साबण होता आणि तो ओला होता, म्हणजे वापरात होता. पाणी बाटलीबंद. या बाबतीत आम्ही खाणावळीला पूर्ण गुण देतो. मोठ्या हॉटेलांतही आम्हांला इतके समाधान नेहमी मिळालेले नाही.

मग आला आपल्या घरचा प्रश्न. बाहेर आम्ही मांस घेत नाही. भाजी, आणि पंख व खवले असलेला मासा, एवढेच. दोह्याच्या खाणावळींत डुकराचे मांस नसते आणि मटण-कोंबडी हलाल असते, म्हणून आपल्यापैकी काहींना वाटते की तिथे काही विचारायला नको. तसे नाही. हलाल म्हणजे कोशेर नव्हे. शिवाय चिनी स्वयंपाकातला खरा चोर बाटलीत बसलेला असतो. ‘व्हेज’ म्हणून आलेल्या भाजीतही ऑयस्टर सॉस घालण्याची पद्धत आहे, आणि ऑयस्टर म्हणजे आपली कोकणातली कालवे. ती आपल्याला चालत नाहीत. आम्ही विचारले तेव्हा मुलगा आत जाऊन बाटलीच घेऊन आला आणि समोर ठेवून म्हणाला, “आंटी, यह नहीं डालेंगे.” त्याचा हा प्रामाणिकपणा आम्हांला फार आवडला. दुधाची मात्र इथे धास्ती नसते, कारण चिनी स्वयंपाकात दूध-लोणी जवळजवळ नाहीच. न्यूयॉर्कच्या यहुदी कुटुंबांना विसाव्या शतकाच्या आरंभापासून चिनी खाणावळींची गोडी लागली, तिचे एक कारण हेच सांगतात. आमची आईही जेवणानंतरचा हलवा नारळाच्या दुधात करी, आणि तो जमावा म्हणून त्यात चायना ग्रास घाली. इतका चीन आमच्या घरी तेव्हाही होता.

आता पदार्थांकडे वळू. मानचाव सूप पहिल्या दिवशी मागवले. ते काळपट, दाट आणि चिकट होते. चमचा उभा राहील इतका कॉर्नफ्लॉवर, आणि खाली भाज्या शोधाव्या लागल्या. वर तळलेल्या शेवया घातल्या होत्या त्या कुरकुरीत होत्या, म्हणून यजमानांनी तेवढ्या खाल्ल्या. सुपात आले-लसणाचा वास पुढे आणि भाजीचा मागे असावा. इथे फक्त सोया सॉसची खारट चव होती. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगितली आहे. म्हणजे एका वाडग्यात जवळजवळ अर्धा दिवस संपला.

लोक मात्र सोया सॉस सोडून अजिनोमोटोला भितात. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळापासून ही चव वेगळी काढली. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचे पत्र आले, की चिनी जेवणानंतर मानेत बधिरपणा येतो व धडधडते. तेव्हापासून या पांढऱ्या पुडीची बदनामी झाली. पुढे लोकांना न सांगता पुड्या देऊन चाचण्या केल्या, त्यांत तसा त्रास सातत्याने दिसून आला नाही. तिच्यात सोडियम असते, पण मिठातल्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास. आम्ही त्या पुडीची वकिली करीत नाही. पण दोष द्यायचा तर तो आधी सोया सॉसच्या बाटलीला द्यावा.

फ्राइड राइस हा या खाणावळीचा उत्तम पदार्थ. दाणा सुटा, तेलाचा तवंग नाही, पातीचा कांदा शेवटी घातलेला व हिरवागार, आणि भाताला तापलेल्या लोखंडी कढईचा तो किंचित धुरकट वास. हा वास घरच्या गॅसवर येत नाही. त्याला मोठी ज्योत आणि चपळ हात लागतो. ताज्या मऊ भाताचा फ्राइड राइस होत नाही, त्याचा गोळा होतो. भात आधी शिजवून गार केलेला लागतो, आणि धोका तिथेच असतो. भात तासन् तास बाहेर राहिला तर त्यात बॅसिलस सीरियस नावाचे जंतू वाढतात, आणि त्यांचे ओकारी आणणारे विष पुन्हा परतल्याने नष्ट होत नाही. १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या चिनी खाणावळींतल्या फ्राइड राइसमुळे माणसे आजारी पडली, तेव्हा हा प्रकार डॉक्टरांच्या नीट लक्षात आला. आम्ही मुलाला स्पष्टच विचारले, भात कुठे ठेवता? त्याने फ्रिजचे दार उघडून दाखवले: पसरट ट्रे, वर झाकण. मग आम्ही निश्चिंत जेवलो. घरी करणाऱ्या भगिनींनीही भात पातळ पसरून लवकर गार करावा व लगेच फ्रिजमध्ये ठेवावा.

आता मंचुरियन. यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आमचे शिक्षण मझगावला, सर एली कदूरी हायस्कूलमध्ये झाले. १८७५ साली हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी सुरू केलेली आपली इस्राएली शाळा ती हीच. पुढे तिला ज्यांचे नाव मिळाले त्या कदूरींचा पैसा शांघाय-हाँगकाँगच्या व्यापारातला. त्याच मझगावात नवाब टँक रोडवर १९१९ सालचे चिनी देऊळ आहे. एके काळी त्या भागात चिनी कुटुंबे बरीच होती. १९६२च्या युद्धानंतर सरकारने देशातल्या सुमारे तीन हजार चिनी लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले; सुटल्यावर कितीतरी देश सोडून गेले. आम्ही शाळेत जाऊ लागलो तेव्हा उरले होते ते थोडे. वडील त्या देवळावरून जाताना म्हणत, “ही माणसे इथेच जन्मली होती.” त्यापेक्षा अधिक ते बोलत नसत. पुढे आपणही एकेक करून निघालोच, जरी आपल्याला कोणी घालवले नव्हते.

जे चिनी राहिले त्यांनी आपला स्वयंपाक भारतीय जिभेला बेतून दिला. ‘हाक्का नूडल्स’मधला हाक्का हा कलकत्त्यात येऊन राहिलेला एक चिनी समाज. त्या शब्दाचा अर्थच पाहुणी कुटुंबे असा आहे. मंचुरियनचे श्रेय नेल्सन वँग यांना देतात. कलकत्त्यात जन्मलेल्या या आचाऱ्याने १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये आले, लसूण, हिरवी मिरची यांची फोडणी दिली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, आणि कॉर्नफ्लॉवरमध्ये तळलेली कोंबडी त्यात सोडली. मंचुरिया हा चीनचा ईशान्येकडचा प्रदेश. तिथे हा पदार्थ कोणाला ठाऊक नाही. पुढे कोंबडीच्या जागी फ्लॉवर आला, कोबीचे गोळे आले, आणि चायनीजच्या गाड्या नाक्यानाक्यावर लागल्या.

म्हणून बिन महमूदमधले मंचुरियन ‘खोटे चिनी’ आहे अशी नाके मुरडण्यात अर्थ नाही. ते खरे मुंबईचे आहे, आणि त्याला मुंबईच्याच कसाला लावले पाहिजे. त्या कसाला ते अर्धेच उतरले. फ्लॉवरचे तुरे बाहेरून खुसखुशीत व आतून शिजलेले होते, तळणी उत्तम. रस्सा मात्र गोड आणि रंगाने भडक लाल. मंचुरियनमध्ये लसूण चावला गेला पाहिजे व हिरवी मिरची शेवटी लागली पाहिजे. इथे टोमॅटो सॉस दोघांनाही गिळून बसला होता. नातवाला ते फार आवडले, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. त्याचा जन्म अश्दोदचा, त्याने गाडीवरचे मंचुरियन खाल्लेले नाही.

तिसऱ्या दिवशी शेजवान नूडल्स मागवल्या. शेजवान म्हणजे चीनचा सेचवान प्रांत. तिथल्या स्वयंपाकाची खूण म्हणजे एक प्रकारची मिरी: जिभेला बधिर करणारी, मुंग्या आणणारी, लिंबासारख्या वासाची. आपण कोकणची माणसे तिच्या बहिणीला ओळखतो. बांगड्याच्या कालवणात घालतात ती तिरफळे त्याच कुळातली. मुंबईच्या शेजवान चटणीत मात्र ती मिरी नसते, नुसती लाल मिरची आणि लसूण. जिची बहीण घरच्या डब्यात होती ती आपण वगळली, आणि नाव मात्र तिच्या प्रांताचे ठेवले. बिन महमूदच्या शेजवानला तर मिरची-लसणाचीही धार नव्हती.

दुपारचे चार वाजले होते, दुसरे गिऱ्हाईक नव्हते. वाढणारा मुलगा व आचारी मागच्या टेबलावर स्वतःचे जेवायला बसले. भात, डाळ, आणि वाटीत दाट लालसर चटणी. तिचा वास आमच्यापर्यंत आला आणि आम्ही ओळखला. तिरफळासारखा, पण तिरफळ नव्हे. आम्ही विचारले, “टिमुर आहे का?”

मुलगा घास तसाच ठेवून उठला. “आंटी, टिमुर आपको कैसे मालूम? आप तो बंबईवाले हैं न?”

पहिल्या दिवशी त्याने आम्हांला गाव विचारले होते, तेव्हा यजमानांनी सांगितले होते, “बंबई, मझगाव.” ते खरेच होते. परंतु त्या शहरात, त्या दिवसांत, पुढचे सांगण्याचा आम्हांला धीर झाला नव्हता. नातवाने फोनवरून मान वर केली व आमच्याकडे पाहिले. आम्ही सांगितले, की आम्ही चाळीसहून अधिक वर्षे इस्राएलात राहतो. आमच्या गावात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला तुमच्याकडच्या मुली येतात. शेजारच्या घरी एक होती, ती टोमॅटो भाजून टिमुर वाटायची व वाटीभर आम्हांला द्यायची.

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “वहाँ पगार टाइम पे मिलता है?”

आम्ही ठाऊक होते ते सांगितले: बहुधा मिळतो, पण येण्यासाठी दलालाला मोठी रक्कम द्यावी लागते, आणि ते कर्ज फेडण्यात पहिली वर्षे जातात. “यहाँ भी,” एवढेच तो बोलला, आणि चटणीची वाटी आमच्या टेबलावर आणून ठेवली.

ती चटणी आम्ही त्या फिक्या नूडल्सवर घातली. तीन दिवसांतला सर्वांत चांगला घास तो. आधी मिरची, मग भाजलेल्या टोमॅटोची आंबट गोडी, आणि मग ओठांना मुंग्या. सेचवानच्या मिरीचे नेपाळी भावंड ते. म्हणजे त्या पदार्थाला जे मुळात हवे होते तेच मागच्या टेबलावर होते. आचाऱ्याला विचारले, हे मेनूत का नाही? त्याने काम मुंबईत अंधेरीला चायनीजच्या गाडीवर शिकले होते, हिंदी उत्तम बोलत होता. तो हसून म्हणाला, “लोग बोलेंगे, यह चायनीज नहीं है. लोगों को लाल चाहिए.”

आमची टीका ती हीच. या खाणावळीचा दोष ती पुरेशी चिनी नाही हा नव्हे. आचाऱ्याच्या हाताला ज्योत कळते, तळणी कळते, टिमुर कळतो, आणि पुढे मात्र बाटली ओतली जाते. याचा अर्धा दोष गिऱ्हाइकाचा आहे. आम्ही लाल रश्शाकडे बोट दाखवतो, तो लाल रस्सा देतो. आणि गिऱ्हाईक म्हणून आम्हांला फार बोलण्याचाही हक्क नाही, कारण पहिल्या दिवशी आम्हीही सोयीचे तेवढेच उत्तर दिले होते. रस्त्यात नातवाने विचारले, “सफ्ता, त्याला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलेस?” आम्ही म्हणालो, भीती वाटली. त्याला ते पटले की नाही, कोण जाणे. पण त्याने पुन्हा विचारले नाही.

आपल्यापैकी लंडन, टोरांटोकडच्या कुटुंबांना व मुंबईच्या आप्तांना दोह्याला जाणे होते, त्यांच्यासाठी थोडक्यात: अशा खाणावळीत फ्राइड राइस व कोरडे तळलेले फ्लॉवर मागवावे, सूप टाळावे, रस्सा वेगळा वाटीत मागावा. ऑयस्टर सॉसची चौकशी न लाजता करावी. रक्तदाबवाल्यांनी सोया सॉस निम्मा घालायला सांगावे. आमच्यासाठी त्यांनी तसे केले. तिघांचे पोटभर जेवण शंभर रियालच्या आत झाले, ते आम्हांला वाजवी वाटले. आणि आचारी नेपाळचा असेल तर टिमुरची चटणी आहे का, हे अवश्य विचारावे.

घरी परतल्यावर आम्ही एक प्रयोग केला. नूडल्स परतताना आले, लसूण, दोन सुक्या मिरच्या, आणि चार तिरफळे: आतले काळे बी काढून टाकून नुसती साले कुटून, शेवटी. यजमानांनी पहिल्याच घासाला विचारले, “बांगडा केलास की काय?” पण ताट पुसून खाल्ले. ज्यांच्या घरी अलिबाग-पेणकडून आलेली तिरफळे डब्यात पडून असतील त्यांनी करून पाहावे व आम्हांला कळवावे.